ठाण

अल्ताफभाईंनी शिकवलेला पहिला शब्द : ठाण.
घोडं बांधायची जागा.
बेचाळीस वर्षं ठाण्यात काढली मी
आणि हे कुणी सांगितलं नव्हतं.

भाईंदरपाड्याच्या मागे, खाडीकडे उतरताना,
पत्र्याखाली पाच ठाणं.
चौथ्यावर गुलछडी.
अकरा वर्षं वराती केल्या तिने :
कोलशेत, कळवा, बाळकुम, एकदा थेट पनवेल.
पाठीवर नवरदेव, कपाळावर आरशांची जाळी,
आणि मागे टेम्पोवर मी.

मी म्हणजे सोळा टॉप, आठ बेस,
जनरेटर वेगळा.
पोरं ओरडायची, वाढव रे,
मी वाढवायचो.
घोडीचे कान मला वरून दिसायचे,
मागे पडलेले, चप्पट,
इस्त्री फिरवल्यासारखे.
मला वाटायचं, तिचे कानच तसे.

आता माझ्या डाव्या कानात रात्रंदिवस
कुकर शिट्टीच्या बेतात असतो,
शिट्टी काही होत नाही.
आणि तिला
स्टीलचा डबा पडला तरी घाम फुटतो.
मेट्रोच्या खांबांचं काम सुरू झाल्यापासून
रात्रभर उभी. चंदी तशीच टोपलीत.

मंगळवारी डाबरेबाई येतात, वसईहून, स्कूटीवर.
काशाच्या सात वाट्या, प्रत्येकीला जुन्या साडीचं फडकं,
वाटी वाटीला लागू नये म्हणून.
पहिल्या दिवशी बाईंनी एक वाजवली
आणि गुलछडीने दावं तोडलं.
अल्ताफभाई म्हणाले, माणसांना ठीक आहे हे, बाई.
बाईंनी वाटी परत गुंडाळली.
दुसऱ्या मंगळवारी भिंतीपलीकडून.
तिसऱ्या मंगळवारी पाऊण तास नुसत्या बसून राहिल्या.
पाचव्याला घोडीचे कान उठले, वेगवेगळे फिरले,
एक वाटीकडे, एक रस्त्याकडे.
पुरे आज, बाई म्हणाल्या.
अर्धं ऐकलंय तिने.

मी यंत्राचा माणूस, मला दम कुठला.
छोटा स्पीकर आणला. बासरी लावली,
धबधबा लावला, तासभराचा तानपुरा लावला.
तिने सगळं ऐकून घेतलं,
पंगत बसायची वाट बघणाऱ्या पाहुण्यासारखं.

मग एकदा पहाटे लक्ष गेलं
पाचव्या ठाणावरच्या म्हाताऱ्या तट्टूकडे.
कडबा खात होता. कर्र, कर्र, थांबून एक फुरफुर,
पुन्हा कर्र.
नवरीच्या आगमनाची घोषणा करायचा माइक
मी त्याच्या तोंडाशी धरला.
पस्तीस मिनिटं हात भरून आला, पण धरला.

रात्री दोनला रस्त्यावर यंत्र सुरू झालं.
जमीन आधी तिच्या खुरांना कळते, मग मला.
मी तट्टूचं खाणं लावलं.
मोठं वाटलं. कमी केलं.
अजून कमी.
हे बटण या बाजूलाही एवढं फिरतं
हे माझ्या हाताला माहीत नव्हतं.
बराच वेळ काही नाही.
मग तिने मान खाली घातली,
टोपली हलली,
आणि दोन तोंडं खाऊ लागली,
एक खरं, एक माझ्या पेटीतलं,
कुठलं कुठलं ते मलाही सांगता येईना.

बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तुम्हीही बसत जा तिथे.
तेव्हापासून चौथ्या आणि पाचव्याच्या मधे
पोतं टाकतो.
कानातला कुकर असतोच.
कडब्याच्या मागे असतो, इतकंच.

चौदा तारखेला कासारवडवलीत लग्न आहे.
बॉक्स विकलेले नाहीत, हप्ते आहेत.
फोनवर विचारलं, घोडी आहे का?
म्हणाले, घोडी कशाला, उघडी गाडी आहे,
तू फक्त आवाज चांगला ठेव.
ठेवतो म्हणालो.
आणि गुलछडीने तिथूनच
एक कान माझ्याकडे वळवला.